गल्लीत बस कशी आणावी आणि मग कशी घालवावी

नवे नगरसेवक आलेत, महासभा पुन्हा भरायला लागल्यात, तेव्हा मंडळी हीच वेळ आहे. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ ठाण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच, भांडायला समोर कुणी नाही, सगळी मजाच गेली होती. आता एकदम १३१ जण आहेत. बस मागायची असेल तर आत्ताच मागा, अजून ते फोन उचलतायत.

आधी स्वतःशी एक गोष्ट क्लिअर करा, बस आपल्याला बसायला नकोय. आपल्याकडे दोन गाड्या आहेत, त्यातली एक कव्हर घालून झोपलेली. बस हवीय ती कामवाल्या मावशी साडेसातला पोचाव्यात म्हणून, रात्रपाळीचा वॉचमन वेळेवर यावा म्हणून, आणि उद्या फ्लॅट विकायला काढला तर जाहिरातीत 'दारात बस' लिहिता यावं म्हणून. अर्जात अर्थातच यातलं काही लिहायचं नसतं. अर्जात ज्येष्ठ नागरिक, महिला भगिनी आणि शालेय विद्यार्थी, याच क्रमाने. सह्या भरपूर घ्या. आमच्या अर्जावर सातव्या मजल्यावरच्यांचीही सही होती, ते चार वर्षं दुबईत आहेत.

आता अर्ज कुणाला द्यायचा? इथे बरेच जण चुकतात. ठाण्यात ३३ प्रभाग, ३२ मध्ये चार-चार नगरसेवक आणि एकात तीन, म्हणजे बहुतेकांच्या नशिबी चार. एकाला अर्ज देऊन गप्प बसू नका. चौघांकडे वेगवेगळं जा आणि प्रत्येक ठिकाणी आवाज थोडा खाली आणून म्हणा, "साहेब, बाकीच्यांकडून काही होत नाही हो, तुम्हीच करू शकता." मॅडम असतील तर मॅडम म्हणा, बाकी वाक्य तेच. चौघंही कामाला लागतात आणि तिथून तुमच्या बसचा रूट तयार व्हायला सुरुवात होते.

रूट म्हणजे कसा, तर स्टेशनबाहेर बससाठी बांधलेल्या वरच्या डेकवरून, म्हणजे सॅटिसवरून निघाली, तीन हात नाका, माजिवडा, घोडबंदर रोड, इथवर सरळ, कारण मेट्रोच्या खांबांमुळे वळायला जागाच नाही. मग आपला फाटा आला की एकाला ती त्याच्या जनसंपर्क कार्यालयावरून न्यायचीय, दुसऱ्याला साईमंदिरावरून, तिसऱ्याची दहीहंडी ज्या मैदानात असते तिकडून, आणि चौथ्याचं म्हणणं एवढंच की बाकी तिघांकडून गेली तर माझ्याकडून का नाही. मग काय, जिलबी. पायी दहा मिनिटांचं अंतर बस पंचवीस मिनिटांत कापते. पण तक्रार करू नका, जिलबीतल्या प्रत्येक वळणावर कुणाचं तरी समाधान झालेलं असतं.

एकदा प्रेक्षक गॅलरीत बसून महासभा बघाच, डबा घेऊन जा मात्र. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं, मग कुणाच्या तरी निधनाचा दुखवटा, मग पाणी, मग खड्डे, मग पाणी परत, आणि बसचा विषय कुठेतरी शेवटी, बऱ्याचदा 'आयत्या वेळचा' म्हणून, म्हणजे कागद हातात पडेपर्यंत सूचक बोलून झालेला असतो आणि अनुमोदक उभा असतो. रूटला विरोध कुणी करत नाही, नकाशा कुणी उघडलेला नसतो. खरी चर्चा पेटते स्टॉपच्या नावावर.

इथे जरा थांबतो, कारण हे शिकण्यासारखं आहे. स्टॉप एक, वर पत्र्याचं छप्पर, खाली स्टीलचा बाक, बाजूला पिंपळ. एक म्हणतो नाव साईमंदिर द्या. दुसरा म्हणतो मंदिर दीडशे पावलं लांब आहे, नाव समोरच्या कॉम्प्लेक्सचं द्या (कॉम्प्लेक्स कुणी बांधलं हे सगळ्या सभागृहाला माहीत असतं, कुणी विचारत नाही). तिसरा आपल्या दिवंगत वडिलांचं नाव पुढे करतो, आणि वडील खरंच सज्जन होते, त्यामुळे सगळ्यांची पंचाईत. चौथा म्हणतो गावठाणातल्या भूमिपुत्रांवर अन्याय, गावाचं नाव कुठाय? तासभर आरडाओरडा, दोघं पीठासनासमोर जाऊन उभे, शेवटी तोडगा म्हणून चारही नावं जोडतात. पाटीवर मावत नाहीत म्हणून अक्षरं एवढी बारीक की चष्मा लावून वाचायला थांबलात तर बस निघून जाते. आणि कंडक्टर? तो पहिल्या दिवसापासून ओरडतो, "चला पिंपळवाले पुढे या, पिंपळ!"

कायद्याचं थोडं माहिती असू द्या, चारचौघांत बोलायला बरं पडतं. परिवहन समितीवर यायला नगरसेवक असावंच लागतं असं नाही, महानगरपालिका अधिनियमात प्रशासन, वाहतूक, इंजिनिअरिंग, व्यापार, कामगार असल्या विषयांतला अनुभव म्हटलंय. बसने प्रवास केल्याचा अनुभव म्हटलेला नाही, ही काळजी १९४९ सालीच घेतलेली दिसते. भाडं वाढवायचं तर मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते, त्यामुळे वाढलं तर बोट तिकडे दाखवता येतं आणि नाही वाढलं तर बॅनर इकडे लावता येतो.

बॅनरवरून आठवलं. बस सुरू व्हायच्या दिवशी नारळ, झेंडूच्या माळा, ड्रायव्हरला बळंच पेढा, आणि चौघांचे चार बॅनर, 'यांच्या अथक प्रयत्नांना यश'. चारही स्टॉपलाच बांधायचे. वेळापत्रक त्यांच्या मागे गेलं तरी हरकत नाही, वेळापत्रक काय, रोजचंच आहे. तुम्ही फक्त बससोबत सेल्फी काढा आणि घरी जा. त्या बसने नको, पोरांना क्लासला सोडायचंय ना.

झाली बस सुरू. आता दुसरा भाग, तो जास्त सोपा आहे.

साधारण आठवड्याने सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडेल, "आपल्या गेटसमोर हल्ली कोण कोण उभं असतं?" हे 'कोण कोण' म्हणजे आपल्याच मावशी आणि आपलाच वॉचमन, पण ते स्टॉपवर उभे राहिले की बाहेरचे होतात. मग हॉर्न, मग धूर, मग सी विंगच्या चेअरमनची दुसरी गाडी जिथे लागायची नेमका तिथेच स्टॉप, हा खरा मुद्दा, पण तो शेवटी मांडायचा. तोवर गाडी तिथेच लावत राहा. बस रस्त्याच्या मधोमध थांबेल, मागे पार ब्रह्मांडपर्यंत भोंगे वाजतील आणि लोक म्हणतील, बघा बसमुळे ट्रॅफिक होतंय.

कुणी शहाणा म्हणेल की स्टॉपजवळ पार्किंगला आधीपासूनच मनाई आहे. आहे की, १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतही होती, २०१७ ला नवे आले त्यातही आहे. टीएमटी, म्हणजे ठाणे पालिकेची बससेवा, तीही १९८९ चीच, दोघं एकाच वयाचे. अशा वेळी घाबरायचं नाही, उलट आपणच जोरात मागणी करायची की यासाठी कडक स्वतंत्र उपविधी, म्हणजे पालिकेचा स्वतःचा नियम, करा! उपविधी म्हटलं की मसुदा आला, हरकती-सूचना आल्या, मग महासभा, मग शासनाची मंजुरी. एवढ्यात आपला धाकटा अठराचा होऊन लायसन्स काढतो आणि गाडी त्याच जागेवर लावायला शिकतो. असलेला नियम पाळायचा नसेल तर नवीन मागावा, याहून सभ्य मार्ग माझ्या तरी पाहण्यात नाही.

दरम्यान स्टॉप 'जरासा पुढे' सरकवायचा अर्ज द्या. पुढच्या सोसायटीतही चेअरमन आहे, त्यालाही दुसरी गाडी आहे, तो अजून पुढे सरकवेल. आमचा स्टॉप असा सरकत सरकत नाल्याच्या कठड्याशी गेला, तिथे कुणाचंच गेट नाही. पिंपळ मागेच राहिला, कंडक्टर अजून 'पिंपळ' म्हणतो. परवा जुन्या चाळीतल्या एक आजी छत्री आणि रेशनची पिशवी घेऊन तिथे उभ्या होत्या, मी गाडीतून चाललो होतो, काच खाली करून विचारलं, "आजी, इथे का उभ्या?" म्हणाल्या, "बाळा, तुमच्याच गेटपुढे बसायचे रे मी, बाक होता तिथं." मी काच वर केली, एसी चालू होता.

पुढचं तुम्हाला काही करावं लागत नाही. नाल्यापर्यंत चालत कोण जाणार, बस रिकामी धावते, अर्ध्या तासाची तासाने होते, मोठीची मिडी होते आणि एक दिवस 'तोट्यातला मार्ग' म्हणून बंद. त्या दिवशी मात्र गप्प बसायचं नाही. प्रॉपर्टी टॅक्स भरल्याची पावती फोटो काढून टाका आणि विचारा की एवढा टॅक्स भरून साधी एक बस देता येत नाही? शेअर रिक्षावाले कसे लुटतात तेही लिहा, मावशींनी पगार वाढवून मागितलाय त्याचंच कारण सांगून.

आणि चौघांना परत भेटा. मागच्या अर्जाची सॉफ्ट कॉपी माझ्याकडे आहे, ग्रुपवर टाकतो, फक्त तारीख बदला. सातव्या मजल्यावरच्यांची सही स्कॅन केलेलीच आहे. आणि शेवटी 'आपले नम्र, नियमित प्रवासी' असं आहे, त्याला हात लावू नका.