रक्तातच असतं म्हणे!

२०२५च्या सप्टेंबरात टोकियोच्या जागतिक स्पर्धेत नीरज चोप्रा भालाफेकीत आठवा आला, तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस सुतक होतं. मग एकाने विचारलं, "हा जिंकलेला वॉलकॉट कोण बुवा?" त्रिनिदादचा केशॉर्न वॉलकॉट, ८८.१६ मीटर. दुसरा आला ग्रेनडाचा अँडरसन पीटर्स. त्यावर लगेच निकाल लागला : "वेस्ट इंडीजवाले ना? त्यांच्या रक्तातच असतं."

या 'रक्तातच असतं'चा मला मनस्वी वैताग आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

अख्ख्या ग्रेनडाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत. आपल्याकडे एवढ्या वस्तीला एक नगरपालिका असते आणि एक मैदान, ज्यावर फटाक्यांचे स्टॉल लागतात. त्या ग्रेनडातल्या गुयाव्ह या कोळ्यांच्या गावातून किरानी जेम्स आला आणि लंडन २०१२ला ४०० मीटरचं सुवर्ण घेऊन गेला. त्याच ऑलिम्पिकमध्ये १९ वर्षांच्या वॉलकॉटने भालाफेकीत सुवर्ण मारलं. हे दोघे काय, पीटर्स काय, सगळे एकाच चाळणीतून आलेत : कॅरिफ्टा गेम्स.

नाव रुक्ष आहे, कारण ते कॅरिबियन देशांच्या एका मुक्त व्यापार संघटनेचं लघुरूप आहे. ती जाऊन कॅरिकॉम हा त्या देशांचा नवा गट येणार, त्या निमित्ताने बार्बाडोसच्या ऑस्टिन सीली यांनी १९७२ साली ब्रिजटाउनला पोरापोरींच्या शर्यती भरवल्या. संघटना गेली, शर्यती राहिल्या. दर ईस्टरच्या सुट्टीत, आज या बेटावर तर पुढच्या वर्षी त्या. कोविडची दोन वर्षं हुकली तेवढीच.

क्रिकेटमुळे ब्रिजटाउन, पोर्ट ऑफ स्पेन ही नावं आपल्याला तोंडपाठ. पण क्रिकेटमध्ये ही सगळी बेटं मिळून एकच 'वेस्ट इंडीज'. कॅरिफ्टात प्रत्येकाचा झेंडा वेगळा. पंधरा वर्षांची पोरगी स्वतःच्या देशाचा बनियान घालून परक्या स्टेडियममध्ये, जमैकाच्या पोरीच्या शेजारच्या लेनमध्ये उभी राहते. पोटात गोळा येणं वगैरे प्रकार तिचे तिथेच उरकतात.

२००१ला ब्रिजटाउनमध्ये १४ वर्षांच्या उसेन बोल्टला २०० आणि ४०० मीटरमध्ये रौप्य मिळालं. हो, बोल्ट हरला होता! पण पुढच्या ईस्टरला पुन्हा स्पर्धा होतीच, त्याच्या पुढच्यालाही. २००४ला बर्म्युडात त्याने २०० मीटर १९.९३ सेकंदांत काढले. वीस सेकंदांच्या आत येणारा जगातला पहिला ज्युनियर.

आता आमच्या घरचं सांगतो. भाचा जिल्हास्तराला ४०० मीटर धावला. रिपोर्टिंग सकाळी आठला, हीट दुपारी अडीचला. तोवर फक्की इतकी पुसली गेलेली, की वळणावर तिसरी लेन कुठे संपते आणि चौथी कुठे सुरू होते ते पोरांनी आपसांत ठरवलं. भाचा दुसरा आला. बघायला मी, ताई, पीटीचे सर आणि एक कुल्फीवाला. घरी येताना पहिला प्रश्न काय, तर "दहावीला याचे गुण किती मिळतात?" विचारणारा मीच, दुसरा कुणी नाही.

तिकडेही सगळं आलबेल नाही. पदकांचा ढीग जमैकाच उचलतो, कारण त्यांची 'चॅम्प्स' ही शालेय स्पर्धा १९१०पासून चालू आहे आणि तिला स्टेडियम ओसंडून वाहतं. सेंट लुशियाची ज्युलियन आल्फ्रेड लहानपणी अनवाणी, शाळेच्या गणवेशात धावायची. चौदाव्या वर्षी घर सोडून जमैकाला गेली. पॅरिस २०२४ला १०.७२ सेकंदांत १०० मीटर जिंकून तिने देशाला पहिलं ऑलिम्पिक पदक दिलं, आणि लगेच पत्रकारांसमोर आपल्याकडचं स्टेडियम अजून नीट नसल्याचं बोलून दाखवलं. तिथलं एक स्टेडियम तर २००९ला हॉस्पिटल जळाल्यावर पेशंट ठेवायला घेतलं, ते वर्षानुवर्षं तसंच.

म्हणजे सोयींच्या नावाने बोंब तिकडेही आहे. पण पोरांना दर वर्षी धावायला तारीख आहे, आणि त्या दिवशी बघायला माणसं आहेत.

परवा भाच्याला कॅरिफ्टाच्या ४०० मीटरच्या हीटचा व्हिडिओ दाखवला. सतरा वर्षांखालची पोरं. पहिल्या आलेल्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाला, "मामा, मागे घे, शेवटून दुसऱ्याचा टाइम बघू." वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खरडलं आणि एकदम खूश.

"मी सातवा आलो असतो!"