‘मुद्दाम इंटरनेट तोडले’ या अभिप्रायास मालकिणीचे उत्तर

नमस्कार,

आमच्या वाकड येथील फ्लॅटमध्ये ६ ते ११ ऑगस्ट या काळात आपल्याला इंटरनेट मिळाले नाही, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. करारात भाडे ‘इंटरनेटसह’ असे लिहिलेले आहे आणि जोडणीही माझ्याच नावावर आहे, त्यामुळे ती चालू ठेवण्याची जबाबदारी माझी होती. आपण घरून काम करता आणि त्या दिवसांत आपली रजा खर्ची पडली, हेही मला ठाऊक आहे.

परंतु आपण एक तारा देऊन जे लिहिले आहे, की भाडे तीन दिवस उशिरा दिल्याचा राग धरून मी जोडणी मुद्दाम तोडली आणि बाकीच्या चार फ्लॅटांचे इंटरनेट शनिवारी सुरू होऊनही आपलेच बंद राहिले हा त्याचा पुरावा आहे, ते वाचून मला फार वाईट वाटले. एरवी आपण मला काकू म्हणता. अभिप्रायात मात्र मी ‘असली ओनर’ झाले. पाच फ्लॅट, त्यांवरचे बँकेचे हप्ते आणि नवे भाडेकरू फोन करण्याआधी हेच अभिप्राय वाचतात ही वस्तुस्थिती, एवढ्यावर माझे घर चालते. म्हणून घडले ते क्रमाने सांगणे मला भाग आहे.

बुधवारी, सहा तारखेला दुपारी, कोपऱ्यावर पावसाळी गटाराचे काम करणाऱ्या जेसीबीने फायबरची केबल तोडली. त्या क्षणी पाचही फ्लॅट बंद पडले, आणि ज्यांनी पहिल्या तारखेलाच भाडे दिले होते तेही त्यात होते. आपल्या जोडणीचे महिन्याचे ८२५ रुपये मी एक तारखेला भरले होते, त्याची पावती आपल्याला व्हॉट्सॲपवर पाठवली आहे. ज्याला जोडणी तोडायची असते तो तिचे पैसे आगाऊ कशाला भरील? तक्रार नोंदवायला गुरुवार उजाडला हे खरे आहे, कारण मी गावी कार्यात होते आणि कंपनीचा ओटीपी माझ्याच फोनवर येतो. त्याबद्दलही क्षमस्व.

शनिवारी दुपारी केबल जोडली गेली आणि सर्वांच्या राउटरवरचा, केबलमधून सिग्नल येत नसल्याचे दाखवणारा ‘एलओएस’चा लाल दिवा विझला, आपल्याही. तरी इंटरनेट आले नाही, कारण मधल्या काळात राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून तो रीसेट केला गेला होता आणि त्यातील युजरनेम व पासवर्ड पुसले गेले होते. टाचणी टीव्हीच्या फळीवरच होती. सोमवारी आलेल्या तंत्रज्ञाने आपल्यासमोर ही माहिती पुन्हा भरली आणि दहा मिनिटांत सेवा सुरू झाली. तेव्हा आपण स्वतःच ‘मला वाटलं, रीसेट केल्यावर येईल’ असे म्हणाला होता. मी आपल्याला दोष देत नाही, वैतागलेला माणूस असे करतोच; पण त्या दोन दिवसांचा ठपका माझ्या हेतूवर ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

आपण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ चा दाखला दिला आहे. घरमालकाने योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडू नये, असे ते कलम सांगते. त्यात पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि स्वच्छता यांची नावे आहेत, इंटरनेटचे नाही. ही यादी तेवढ्यावर संपत नाही, असा युक्तिवाद कोणी वकील करू शकेल, आणि आपला लिव्ह अँड लायसन्सचा करार त्या कलमात बसतो का हाही वेगळा प्रश्न आहे, त्यात मी शिरत नाही. इंटरनेट मिळणे हा हक्क आहे, असे म्हणणारा केरळ उच्च न्यायालयाचा २०१९ चा जो निकाल आपण सांगता, तो वसतिगृहाने मुलींच्या मोबाइल वापरावर घातलेल्या बंदीबद्दल होता. म्हणजे तिथे बंदी कोणीतरी घातलेली होती. इथे ती जेसीबीने घातली. करारात कबूल केलेली सेवा मिळाली नाही म्हणून भरपाई मागण्याचा आपला हक्क मात्र मी कधीच नाकारला नाही. पाच दिवसांचे पूर्ण भाडे, म्हणजे ४,००० रुपये, देणे मला शक्य नव्हते, कारण घर, पाणी, वीज आणि पार्किंग ही सर्व चालू होती. इंटरनेटपुरते १३८ रुपये होतात, ते मी देऊ केले. ती रक्कम ऐकून आपण हसलात. आकडा लहान आहे हे मलाही दिसते, पण हिशेब तोच येतो.

यापुढे अशा वेळी पर्यायी डोंगल ठेवण्याचा विचार चालू आहे, तसेच युजरनेम व पासवर्डचे कार्ड प्रत्येक फ्लॅटच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवत आहोत. नव्या करारात सेवा खंडित झाल्यास काय करायचे याबद्दलही काही तरतूद करू.

१३८ रुपये सप्टेंबरच्या भाड्यातून वजा केले आहेत. आपली एकच तारा राहिली तरी चालेल, बाकी मजकूरही तसाच ठेवा; फक्त त्यातला ‘मुद्दाम’ हा शब्द काढावा, एवढी विनंती.

आपली,
मालकीण