राउंड टॉपचं बेरिलियम: तुमच्या कॉमेंटला जरा सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमची कॉमेंट काल रात्री दोनदा वाचली. टेक्सासमधल्या सिएरा ब्लांका गावाजवळच्या राउंड टॉप डोंगरावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं की १.९ टक्के बेरिलियम (एक हलका, कडक धातू) हा आकडा पटत नाही, आपल्याकडच्या नेल्लोर-राजस्थानच्या बेरिल या बेरिलियमच्या खनिजात ११ टक्के मिळतं तर १.९ कसलं भारी, आणि एवढं चांगलं असतं तर चाळीस वर्षं कोणी तसंच पडू दिलं असतं का, म्हणजे हे सगळं खाण कंपनीचा शेअर चढवायला उठवलेलं आहे.

पहिला मुद्दा तुमचा शंभर टक्के बरोबर. तो आकडा बेरिलियम ऑक्साइडचा आहे, धातूचा नाही, मी 'ऑक्साइड' शब्द गाळला आणि सगळा अर्थच बदलला. धातूचा आकडा काढायला ०.३६ ने गुणायचं, म्हणजे साधारण ०.६८ टक्के. लेखात दुरुस्ती केलीय, मनापासून आभार.

पण ११ टक्क्यांशी तुलना मात्र मला मान्य नाही. ते ११ टक्केही ऑक्साइडचेच, आणि हाताने वेचलेल्या बेरिलच्या स्फटिकांचे असतात. चिवड्यातले शेंगदाणे वेचून वाटीत काढले तर वाटीत शेंगदाणेच असणार, त्यावरून चिवड्यात किती होते ते कळत नाही. पेग्मटाइट, म्हणजे मोठ्या स्फटिकांचा खडक, फोडून त्यातून बेरिल निवडायचं, बाकीचा दगड टाकून द्यायचा. राउंड टॉपचे १.९ टक्के हे अख्ख्या खडकाचे आहेत, काही न वेचता. युटामधल्या स्पोर माउंटनच्या खाणीत, जिच्यावर जगातलं निम्म्याहून जास्त बेरिलियम अवलंबून आहे, धातूचं प्रमाण पाव टक्क्याच्या आसपास आहे. आता सांगा ०.६८ कमी आहे का.

शिवाय खनिज कुठलं हेही बघायला पाहिजे. बेरिल ऍसिडला दाद देत नाही, आधी १६५० अंशांच्या आसपास वितळवून झटकन थंड करावं लागतं. राउंड टॉपला मुख्यतः बर्ट्रांडाइट हे बेरिलियमचं दुसरं खनिज आहे, तेच युटातही, आणि ते दळून सरळ सल्फ्युरिक ऍसिडमध्ये विरघळतं. भट्टीचा तो सगळा खर्च वाचतो.

हे तिथं आलं कसं, तो भाग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि लेखात मी तो दोन ओळींत उरकला होता. साधारण ३.६ कोटी वर्षांपूर्वी रायोलाइट या ज्वालामुखी खडकाचा मॅग्मा (वितळलेला खडक) वर सरकला आणि क्रिटेशस काळातल्या चुनखडीत घुसून फुगून बसला, आज दिसतो तो घुमट म्हणजे तोच. बेरिलियमचा आयन इतका बारका की फेल्डस्पार, क्वार्ट्झ वगैरे स्फटिक बनताना त्याला कुठेच धड जागा मिळत नाही, तो उरलेल्या द्रवात साठत जातो, आणि त्या द्रवात फ्लोरिन भरपूर होतं, त्याच्याशी जोडी जमवून बेरिलियम फिरत राहतं. मग त्या द्रवातून निघालेलं गरम पाणी कडेच्या चुनखडीला भिडलं. चुनखडीतल्या कॅल्शियमने फ्लोरिन ओढून घेतलं, त्याचं फ्लोराइट हे खनिज झालं, आणि बेरिलियमला वाहून नेणारंच कोणी उरलं नाही, ते तिथंच खाली बसलं. म्हणून धातुक, म्हणजे धातू काढण्याजोगा दगड, सापडतो तो दोन खडकांच्या सांध्यावर, फ्लोराइटच्या सोबत.

माझ्या टेबलावर गुजरातच्या अंबाडोंगरचा फ्लोराइटचा तुकडा आहे, जांभळा, कडेला अजून कार्बोनेट चिकटलेलं. पातळ हायड्रोक्लोरिक ऍसिडचा थेंब कडेवर टाकला की फसफसतो, बोटभर अंतरावर जांभळ्या भागावर टाकला तर नुसता बसून राहतो. तिथला खडक वेगळा, कार्बोनेटाइट (मॅग्मापासून बनलेला कार्बोनेटचा खडक), आणि बेरिलियमचा काही संबंध नाही, पण फ्लोरिनने कार्बोनेटची जागा कशी घेतली ते एका हातात मावतं.

'स्फटिकाचा फोटो का नाही' असंही विचारलंत. बर्ट्रांडाइट इथं इतकं बारीक मिसळलेलं असतं की डोळ्याला कळतच नाही. १९६० च्या दशकात शोधणारे लोक अँटिमनी-१२४ हा किरणोत्सारी पदार्थ लावलेलं बेरिलोमीटर नावाचं यंत्र घेऊन फिरायचे. त्याच्या गॅमा किरणांनी बेरिलियममधून न्यूट्रॉन सुटतात आणि यंत्र ते मोजतं. नुसत्या नजरेने शोधलं असतं तर कोणी थांबलंच नसतं तिथं.

आता शेअरचा मुद्दा. कॅबट कंपनीने १९८४ पासून तिथं ड्रिलिंग केलं, पुढे सायप्रस नावाची कंपनी आली, डोंगरात तिरका बोगदाही खणला, पश्चिम टोकाला सुमारे ३ लाख टन धातुक असल्याचा अंदाज बांधला गेला. हिशोब केला तर २००० टनांच्या आसपास धातू. जगाची वर्षाची गरजच ३०० टनांच्या आसपास आहे, आणि युटाच्या साठ्यात सुमारे २०,००० टन धातू आहे, खाणीसोबत कारखानाही १९६९ पासून चालू. कॅबटने १९८६ मध्ये स्वतःचा बेरिलियम-कॉपरचा धंदाच विकला, १९८८ मध्ये सायप्रसनेही काम थांबवलं. धातुक खोटं म्हणून नाही थांबलं हो, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून थांबलं. नंतरच्या कंपन्यांचा भर त्याच डोंगराच्या रायोलाइटमधल्या रेअर अर्थ धातूंवर आहे, त्यांचे दावे तुम्ही जरूर तपासा, पण तो वेगळा साठा, वेगळा हिशोब, आणि त्यावरचा राग १९८० च्या दशकातल्या ड्रिलिंगवर काढणं बरोबर नाही.

आणि 'मराठी माणसाला याचं काय' म्हणालात, तर भाभा अणुसंशोधन केंद्राचं बेरिलियमचं काम आपल्या वाशीत चालतं, आणि बेरिलियमची खनिजं २०२३ पर्यंत भारताच्या अणुखनिजांच्या यादीत होती. नेल्लोरच्या बेरिलबद्दल तुमच्याकडे जुने खाणीचे कागद असल्याचं तुम्ही लिहिलंय. त्यात वेचलेलं बेरिल आणि फोडलेला एकूण दगड, असे दोन्ही आकडे दिले असतील तर प्लीज पाठवा, पुढचा लेख त्यावरच लिहायचाय.