लेचवेंच्या घटीचं खापर एकट्या बंदुकीवर नको

सध्या एक पोस्ट फिरते आहे. गवतात पडलेलं लालसर हरीण, त्याची वळणदार शिंगं धरून बसलेला शिकारी, आणि खाली मजकूर: झांबियात काफुए नदीच्या पूरमैदानातली लेचवे हरणं श्रीमंत परदेशी शिकाऱ्यांनी संपवत आणली, तिथले लोक त्यांना कधी हात लावत नव्हते, शिकार बंद करा, कळप पुन्हा भरतील. फोटो पाहून मलाही राग आला. पण मजकूर चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत लेचवेच मोजणार आहेत.

‘परदेशी शिकाऱ्यांनी संपवली.’ लेचवेत शिंगं फक्त नराला असतात. शिंगांसाठी आलेला माणूस परवाना काढून मोठा नर मारतो, माद्या-पाडसं त्याच्या कामाची नाहीत. लोचिनव्हार आणि ब्लू लगून या तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत तर अशी शिकार चालतच नाही. तरीही 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मोजलेली सुमारे 94,000 हरणं 2015 च्या हवाई मोजणीत 30,000 च्याही आत आली.

मधल्या काळात नदीवर विजेसाठी दोन धरणं झाली. खालच्या अंगाला काफुए गॉर्ज, वरच्या अंगाला इतेझी-तेझी. लेचवेचं सगळं शरीरच उथळ पाण्यासाठी घडलेलं आहे. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, खूर लांबट आणि चिखलात फाकणारे. गुडघाभर पाण्यात ते उड्या घेत पळतं. कोरड्या जमिनीवर तेच अवघडतं. पूर चढला की कळप मागे सरकतात, ओसरला की पाण्यामागोमाग कोवळ्या गवतावर उतरतात. उजनीची गाळपेर पाहिलेल्याला ही उघडी पडत जाणारी ओली पट्टी समजावून सांगायला नको. धरणांनी नेमकी तीच बिघडवली. खाली पाणी कायमचं साचलं, वरून पूर पूर्वीसारखा येईना. लोचिनव्हारमध्ये आपल्या लाजाळूच्या कुळातलं काटेरी मिमोसा पिग्रा माजलं आणि चराई गेली.

‘स्थानिक लोक हात लावत नव्हते.’ हे खरं नाही. तिथल्याच इला लोकांची ‘चिला’ नावाची सामूहिक शिकार होती. कुत्री आणि भाले घेऊन कळपाला वेढा पडायचा आणि एका दिवसात हजारावर हरणं पडायची. वसाहतीच्या सरकारनं 1950 च्या दशकात ती बंद केली. आजचा धोका वेगळा आहे, मांसासाठी होणारी चोरटी शिकार. तिला परवाना नसतो आणि ती नर-मादी बघत नाही. राग तिच्यावर काढा.

‘शिकारबंदी केली की कळप भरतील.’ झांबियातल्याच बांगवेउलूच्या दलदलीत परवान्याची मर्यादित शिकार चालू आहे. तरी 2008 पासून स्थानिक समाज आणि आफ्रिकन पार्क्स ही उद्यानं सांभाळणारी संस्था यांनी मिळून पहारा बसवल्यावर तिथले काळे लेचवे, म्हणजे लेचवेंचीच दुसरी उपजात, 35,000 वरून 50,000 च्या वर गेले. शिकारीमुळे ते वाढले, असं मी म्हणत नाही. पहारा होता आणि पाणी आपल्या वेळेला येत होतं, म्हणून वाढले.

काफुएवर नुसती बंदी मागणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इतेझी-तेझी बांधतानाच दर मार्चमध्ये चार आठवडे सेकंदाला 300 घनमीटर विसर्ग सोडायचं ठरलं होतं, मैदानात पूर यावा म्हणून. पोस्ट पुढे पाठवायचीच असेल, तर यंदा तो विसर्ग सुटला का, हे तिच्यात विचारा.