पिवळी पाटी आणि नणंदबाई

स्वित्झर्लंडमध्ये कुठल्याही डोंगरवाटेच्या तोंडाशी एक पिवळी पाटी उभी असते. तिच्यावर अंतर नसतं, वेळ असतो. अमुक गाव, इतके तास, इतकी मिनिटं. अंतर लिहिलं असतं तर माणसाला रस्त्याला नावं ठेवता आली असती. वेळेच्या बाबतीत ती सोय नाही. उशीर झाला की सगळे तुमच्याकडेच बघतात.

हा वेळ काढताना सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटरचा वेग धरतात आणि मग चढ-उताराचा हिशेब घालतात. थांबणं त्यात धरलेलंच नाही. म्हणजे दम खाणं नाही, बुटातला खडा काढणं नाही, फोटोत कुणाचे तरी डोळे मिटले म्हणून पुन्हा सगळ्यांना उभं करणं तर मुळीच नाही. हा ताशी ४.२ वाला माणूस कोण, त्याला गुडघे आहेत का, याची चौकशी करायची माझी फार इच्छा आहे.

आमच्या नणंदबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना ही पाटी बघताक्षणी आवडली. आणि का आवडणार नाही? या पाट्यांची मूळ कल्पना एका शाळामास्तराचीच. मुलांची सहल घेऊन क्लाउझन घाटातून जाताना मोटारींच्या धुळीने हे योहान याकोब एस नावाचे मास्तर वैतागले, आणि १९३४ साली चालणाऱ्यांसाठी वेगळ्या वाटा आखणारी संघटना उभी राहिली. आज देशभर अशा सुमारे ६५,००० किलोमीटर वाटा आहेत. १९७९ साली लोकांनी मतदान करून पायवाटांना थेट राज्यघटनेत जागा दिली. आता ज्या देशात चालणं घटनेत आहे, तिथे 'माझे पाय दुखतात' ही तक्रार घेऊन जायचं तरी कुणाकडे?

सुरुवात मात्र गोड झाली. मेनलिखेन नावाच्या डोंगरापर्यंत तारेवरच्या पाळण्यातून वर जायचं आणि तिथून क्लाइन शायडेगच्या खिंडीपर्यंत डोंगराच्या अंगाने चालत यायचं. साधारण दीड तासाची, हळूहळू उतरत जाणारी रुंद वाट. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ अशी तीन शिखरं ओळीने उभी. लोक बाबागाड्या ढकलत चालले होते. एका बाबागाडीने मला मागे टाकलं. आतलं बाळ झोपलं होतं, एवढाच काय तो दिलासा.

वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला 'ग्रुएत्सी', म्हणजे नमस्कार, म्हणायची रीत आहे. रीत चांगलीच आहे, पण ती श्वास शिल्लक असणाऱ्यांनी काढलेली आहे. जरा चढ लागला की माझ्या तोंडून फक्त 'त्सी' निघायचं. समोरून येणाऱ्या आजीबाई, वय ऐंशीच्या पुढेच, दोन्ही हातांत काठ्या, अख्खं 'ग्रुएत्सी' म्हणून वर माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

गायींचं वेगळंच. गळ्यात घंटा बांधलेल्या गायी चित्रात फार गोजिरवाण्या दिसतात. प्रत्यक्षात त्या वाटेच्या मधोमध बसतात आणि सोबत वासरू असेल तर लांबून जा, अशी सूचना तिथेच लावलेली असते. लांबून म्हणजे उतारावरून. कुरणाच्या कडेने विजेची तार असते आणि वाट आडवी आली की तिथे हातभर तारेला प्लास्टिकची मूठ. ती मूठ धरून, आकडा सोडवून, आत शिरून पुन्हा आकडा लावायचा. मूठ ओली असली तर? मी पदराने धरायचा विचार केला, पण अंगात ट्रॅकपँट होती. नणंदबाईंनी खाट्कन आकडा काढला, लावला आणि म्हणाल्या, "अगं, दार लावायला एवढा वेळ?"

क्लाइन शायडेगला, २०६१ मीटरवर, कॉफी मिळाली. आयगरची उत्तर भिंत १९३८ साली पहिल्यांदा सर झाली. भिंतीवर लटकलेली माणसं इथून दुर्बिणीने बघायची जुनी पद्धत आहे. मला ती पद्धत मनापासून पटली. डोंगर चढणाऱ्यांचं काम चढणाऱ्यांनी करावं, आपण बसून कौतुक करावं.

पण नणंदबाईंना पुढची पाटी दिसली होती. एक स्टेशन वर, आयगरग्लेचरहून थेट त्या भिंतीच्या पायथ्याने खाली आल्पिग्लेनपर्यंत. "सगळा उतारच आहे," त्या म्हणाल्या. पिवळ्या पाटीचं टोक आता पांढरं-लाल-पांढरं होतं, म्हणजे ही डोंगरी वाट, पाय घट्ट हवेत. तेवढं मी वाचून दाखवलं. त्यांनी माझ्या पायांकडे एक नजर टाकली आणि निघाल्या.

उतार सोपा, असं म्हणणाऱ्याने सलग सातशे मीटर कधी उतरून बघितलेलं नसतं. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे, आणि गुडघ्यांची भाषा जास्त शिवराळ. सुट्या दगडांवर पाऊल टाकायचं तर आधी बोटं बुटाच्या टोकावर आपटतात, मग टाच घसरते, मग आपण बसतो. बसलं की मान वर जाते, आणि वर दीडेक किलोमीटर नुसता काळा कातळ. इतकं भव्य दृश्य मी इतक्या वेळा बसून पाहिलं, की ताशी ४.२ वाला तोवर घरी जाऊन जेवून झोपलाही असेल.

आल्पिग्लेनला पोचलो तेव्हा समोर रेल्वेचा फलाट होता आणि फलाटाजवळ आणखी एक पाटी, खालच्या ग्रिंडेलवाल्ड गावाकडे बोट दाखवणारी. नणंदबाईंनी वेळ वाचला, घड्याळ बघितलं. "तू जा गाडीने," त्या म्हणाल्या, "मी येते चालत." आणि ताठ मानेने वळणाआड गेल्या.

गाडी आली. मी दोन्ही हातांनी दांडा धरून, एकेक पाय उचलून आत चढले. मागच्या दाराने कुणीतरी तसंच, एकेक पाय उचलून चढत होतं. माझ्याकडे न बघता त्या खिडकीशी बसल्या.

"आभाळ भरून आलंय," म्हणाल्या.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मी म्हटलं, "हो ना."