चार पिढ्यांची पंगत खरंच घरोघरी होती का?

‘पूर्वी घरोघरी चार पिढ्या एका पंगतीला बसत. सुना वेगळ्या राहू लागल्या, एकत्र कुटुंबं मोडली, म्हणून देश म्हातारा झाला आणि म्हातारे एकटे पडले.’ दर पितृपंधरवड्यात हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्यात दोष भलत्याच माणसांच्या माथी मारलाय, म्हणून हे लिहितोय.

आधी ती पंगत. 1951 च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षं होतं. सगळे बत्तिशीत जात असं नव्हे, तान्ही मुलंच फार दगावत. पण पणतू बघण्याइतकं जगणारे थोडेच. म्हणून तर साठी झाली की शांत करायची, पणतवंड झालं की सोन्याची फुलं उधळायची. घरोघरी घडणाऱ्या गोष्टीचा एवढा सोहळा कोण करेल? आमच्या कुलवृत्तांतात पणजोबांची आठ भावंडं आहेत. चौघांपुढे फक्त ‘अल्पवयात निधन’. पणजोबा स्वतः चौतिसाव्या वर्षी प्लेगात गेले. माझ्या वडिलांना आपले आजोबा ठाऊक होते ते श्राद्धाच्या पानापुरते.

सुना वेगळ्या झाल्या म्हणून देश म्हातारा झाला? दुसरी चूल मांडल्यानं देशातला एकही म्हातारा वाढत नाही. वृद्धांचं प्रमाण वाढतं ते मुख्यतः मुलं कमी जन्मतात म्हणून, शिवाय माणसं जास्त जगतात म्हणून. 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे 1.7 मुलं एवढाच होता.

आणि एकटे? 2017-18 च्या देशव्यापी पाहणीत साठीपुढचे साधारण 6 टक्के लोक एकटे राहत होते. बहुतेकांजवळ मुलंबाळं होतीच.

खरा बदल मी भाचीच्या लग्नात पाहिला. अंतरपाटापाशी मामा म्हणून मी उभा होतो. कान पिळायला मात्र भाऊ नाही, सख्खा नाही, चुलत नाही. मैत्रिणीच्या भावाला बोलावलं. तिच्या मुलांना मामाच नसणार. पहिल्या रांगेत मात्र चाकाच्या खुर्चीवर 93 वर्षांची पणजी. चार पिढ्या खऱ्या अर्थानं आत्ता एका मांडवात आल्यात, पण प्रत्येक पिढीत माणसं दोन-तीनच.

त्या पणजीला भरवत होती तिची सून, म्हणजे नवरीची आजी. वय 71, गुडघ्याला पट्टा. गेली अकरा वर्षं सासूच्या गोळ्या, अंघोळ, रात्रीचं उठणं तीच बघते. जेवणं उरकायच्या आत ती सासूला घेऊन घरी निघाली, कारण घरी थांबायला दुसरं कुणीच नव्हतं.