सर, पासवर्ड सांगा की

पूर्वी माझ्याकडे लोक पुस्तक मागायला यायचे. आता पासवर्ड मागायला फोन करतात. मी सोलापुरातल्या एका अनुदानित कॉलेजचा ग्रंथपाल. आमचं ग्रंथालय डिजिटल झालं तेव्हा प्राचार्यांनी भाषणात सांगितलं, ‘आता ग्रंथालय चोवीस तास उघडं!’ तेव्हापासून ग्रंथालय पाच वाजता बंद होतं आणि मी चोवीस तास उघडा असतो.

योजना झकास आहे, त्यात वाद नाही. गांधीनगरला इन्फ्लिबनेट म्हणून कॉलेज-विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं केंद्र आहे, त्याची ‘एन-लिस्ट’. १८ टक्के जीएसटी धरून कॉलेजनं वर्षाला ५,९०० रुपये भरायचे, की ६,००० वर नियतकालिकं आणि जवळजवळ दोन लाख ई-पुस्तकं खुली. आमच्या कपाटात याहून महागाचा एक परदेशी संदर्भग्रंथ आहे, त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. अट एवढीच, की प्रत्येकानं आपलं लॉगिन वापरायचं. नावं आणि ईमेल मी भरून पाठवायचे, पासवर्ड ज्याच्या त्याच्या मेलवर येणार. सगळं बोंबललं ते या ‘ज्याच्या त्याच्या’पाशी.

मेल उघडून बघायची असते, हेच आमच्या अर्ध्या स्टाफला मान्य नाही. इतिहासाच्या सरांचा ईमेल त्यांच्या मुलानं काढून दिलेला. मुलगा हिंजवडीत. सरांना १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर काही हवं असलं की ते आधी मुलाला फोन लावणार, मुलगा मीटिंगमध्ये, मग मला.

“अहो, त्याचा फोन लागंना. तुम्हीच सांगा की पासवर्ड.”

“सर, तो मला दिसत नाही.”

“मग ग्रंथपाल कशाला झालाव?”

विद्यार्थ्यांचं दुखणं निराळं. त्यांना मेल बघता येते, पण ती कुठल्या नावानं काढली होती ते सांगायला लाज वाटते. दहावीत असताना काढलेली असते. एकजण खाली मान घालून म्हणाला, “किंगऑफअशोकचौक.” दुसरा जोडबसवण्णा चौकाचा डॉन निघाला. गांधीनगरच्या सर्व्हरवर सध्या आमच्या पूर्व भागातली सगळी राजेशाही नांदते आहे. शिवाय प्रत्येक यादीत दोघा-तिघांनी ‘जीमेल’च्या जागी ‘जीमले’ लिहिलेलं असतं आणि तेच सगळ्यात आधी तक्रार घेऊन येतात.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. चौथा म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपालाच्या वेळेबद्दल पाचांपैकी एकाही नियमात चकार शब्द नाही. रंगनाथनांच्या काळी मोबाईल नव्हता म्हणून मी त्यांना माफ केलं आहे.

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत दाटीवाटीनं उभा होतो, तेवढ्यात अर्थशास्त्राच्या मॅडमचा फोन.

“सर, कुठं हाव? नवीन पासवर्ड घेईना बघा.”

“मॅडम, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला.”

“काय घालू?”

पालखी पुढं सरकली आणि शेजारच्यानं माझ्या कानाशीच आरोळी ठोकली, “एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!”

“बरं, घालते,” मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांनी खरोखरच ते घातलं. अख्ख्या कॉलेजात आजवर पासवर्ड न विसरलेल्या त्या एकट्याच आहेत.

विद्यापीठांकडचे पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढतात, ते मात्र कुणालाही पासवर्डाविना वाचता येतात. तिथं तरी सुटका असेल असं वाटलं होतं. आमच्या मराठीच्या सरांनी स्वतःचा प्रबंध काढून द्यायला सांगितला. सापडला, उघडला, पानं देखणी. पण आत एक शब्द शोधायला गेलो तर शून्य. नव्या पेठेतल्या डीटीपीवाल्यानं तो युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला. एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली, तर डोक्यावर टोप्या आणि टिंबं घेतलेल्या रोमन अक्षरांची रांग उभी राहिली. सर बराच वेळ बघत होते. म्हणाले, “गाईडनी पण हेच वाचलं असेल काय हो?”

मग नॅक आलं, म्हणजे कॉलेजांचं मूल्यमापन करणारी संस्था. त्यांच्या तक्त्यात ग्रंथालयाचा रोजचा वापर लिहायचा होता, त्यासाठी फूटफॉल, म्हणजे आत आलेली माणसं, आणि लॉगिन दोन्ही मोजायचे होते. डिजिटल झाल्यामुळे लोक येईनात, आणि पासवर्ड नसल्यामुळे लॉगिन होईनात. माझ्या फोनवरचे कॉल धरले असते तर आम्हाला ए-प्लस मिळाला असता. पण फोनला रकाना नव्हता.

प्राचार्यांनी फतवा काढला, शनिवारी सगळ्या स्टाफनं ग्रंथालयात बसून लॉगिन करायचं. झाडून सगळे आले. दुपार टळेपर्यंत मी खुर्च्यांच्या रांगांमधून पळत होतो, आणि शेवटी इतिहासाचे सरसुद्धा आत शिरले. लाखो पुस्तकं समोर. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, बरंच सरकवून पाहिलं.

“यात मराठी कुठाय?”

“जवळजवळ सगळं इंग्रजीच आहे, सर. मार्शल लॉवरचं मराठी पुस्तक मागच्या कपाटात आहे.”

“मग ते द्या की! उगं अर्धा दिवस घालवलाव.”

मी पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि विचारलं, “तुमचा कार्ड नंबर?”

सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि मुलाला फोन लावला.